सोमवारी अजिंठा बंद असतो, बेत बदलावा लागेल

जालन्याचा दादा, शुक्रवार 12 डिसेंबर 2025, सकाळी 7.40

मंडळी, वहिनींनी पाठवलेला बेत आत्ता नीट वाचला. शनिवार 20 वेरूळ, रविवार 21 सकाळी पैठण, सोमवार 22 अजिंठा. सोमवारी अजिंठा बंद असतो. वेरूळ मंगळवारी. या दोन वारांची दरवेळी गफलत होते. मागे पुण्याचे पाव्हणे घेऊन मी स्वतः अजिंठ्याच्या फाट्यावरून, फर्दापूरच्या टी पॉइंटवरून परत फिरलोय. पार्किंग रिकामं, चहाची एकच टपरी उघडी, आणि चहावाला म्हणतो, "आज सोमवार हाय ना!" शंभर किलोमीटर गेलो तसे शंभर परत आलो. लेकरांची तोंडं अजून आठवतात.

टेम्पो ट्रॅव्हलरवाला सोमवारपर्यंत पक्कं सांगा म्हणतोय. सतरा सीटची गाडी आहे, आपण मोठे अकरा आणि लेकरं पाच, म्हणजे बसतं. अजिंठा शनिवारी का रविवारी, तेवढं कळवा.

संभाजीनगर सिडकोच्या वहिनी, शुक्रवार 12, सकाळी 9.15

> अजिंठा शनिवारी का रविवारी

शनिवारी. वार पाहिला नाही ही चूक माझीच. पण रविवार दुपारचं जेवण आमच्याकडे आहे आणि ते मी महिन्यापूर्वीच सांगितलंय. सासूबाई ऐंशीच्या पुढे आहेत. गुडघे साथ देत नाहीत, तरी येसर, म्हणजे आमटीचं भाजकं पीठ, त्यांनी स्वतः समोर बसून भाजून घेतलं. ज्वारी वेगळी, गहू वेगळे, डाळ वेगळी, मसाला वेगळा. एकत्र भाजू लागले तर म्हणाल्या, "एक करपतं अन् एक कच्चं राहतं, मग आमटीला चव कुठून येईल?" घरात अजून तो वास आहे. तुमची लेकरं त्यांनी चार वर्षांत पाहिलेली नाहीत. हे जेवण मी हलवणार नाही.

लातूरचे अण्णा, शुक्रवार 12, दुपारी 1.05

शनिवारी आमचं जमणार नाही. शुक्रवारी 19 ला येळवस, म्हणजे वेळ अमावास्या आहे, हे कुणाच्याच लक्षात आलेलं दिसत नाही.

तुम्ही लोक तिकडं राहून राहून विसरायलात म्हणून सांगतो. लातुरात त्या दिवशी रस्ते ओस पडतात, सगळं गाव रानात जातं. आम्ही सहा जण यंदा केवळ त्यासाठी तिकिटं आधीची काढून आलोय. सप्टेंबरच्या पुरात धाकट्या भावाचं सोयाबीन गेलं. आठ दिवस पाणी हटलं नव्हतं, खालच्या वावराची माती खरडून गेली. मी फोनवर म्हणालो, यंदा येळवस साधीच करू. तर तो म्हणाला, "दादा, साधी कशाला? काळ्या आईनं यंदा सोसलंय, तिची पूजा जास्तच करू." मला पुढं बोलता आलं नाही.

म्हणून शुक्रवारी आम्ही रानात. कडब्याची कोप, आत चुन्यानं रंगवलेले दगडांचे पांडव, भज्जी, उंडे, खीर, मडक्यात आंबील. "ओलगे ओलगे सालम पोलगे" म्हणत वावरात आंबील शिंपायची. वाटेनं जाणाऱ्याला हात धरून जेवायला बसवायचं, मग ओळख असो नसो. माझ्या नातीनं हे एकदाही पाहिलेलं नाही. ती तिकडं परदेशात शनिवार-रविवार आला की बागेत सतरंजी टाकून डबा खाते आणि त्याला सहल म्हणते. तिला आपली सहल दाखवायची आहे.

संध्याकाळी कडबा पेटवून शेताला फेरी झाली की मगच घरी. शनिवारी सातला निघालो तरी तुमच्याकडं पोचायला एक-दीड होणार. अजिंठा कसा होईल?

देगलूरचे नाना, शुक्रवार 12, रात्री 9.30

अण्णा, येळवस लातूरची एकट्याची नाही. आमच्या देगलूर-मुखेडकडंही तितकीच जोरात असते, हे नोंदवून ठेवा.

आणि भज्जीत वाटाणा घालता का नाही, ते सांगितलं नाही. आमच्याकडं तुरीचे ओले दाणे, हरभरा, वाल, मेथी, शेंगदाणे, वरून चिंचेचा कोळ आणि पीठ लावून घट्ट. वाटाणा शहरातल्यांनी घुसवला. आई म्हणायची, जे रानात नाही ते भज्जीत नाही.

वहिनींच्या बेतात रविवारी संध्याकाळी हुरडा लिहिलाय. 21 डिसेंबरला हुरडा कुठून येणार? यंदा पाऊस लांबला, वाफसा उशिरा आला, ज्वारी उशिरा पेरली. आमची अजून पोटऱ्यातही नाही. जानेवारीच्या आधी आगटी पेटवू नका. सुरती असो का गुळभेंडी, दाण्यात दूध भरल्याशिवाय हुरडा म्हणजे नुसता चोथा. शहराबाहेर हुरडा पार्टीच्या पाट्या लागल्यात म्हणून जाऊ नका, तिथं काय मिळेल सांगता येत नाही.

माई, शनिवार 13, सकाळी 6.20

हुरड्याचं नानांचं बरोबर आहे, तो काढून टाका. वाटाण्याचा वाद नंतर.

मला अजिंठ्याबद्दल सांगायचंय. शनिवारी सगळ्यांना घाईत नेऊन आणण्यापेक्षा रविवारचा अख्खा दिवस द्या. गर्दी असते, मान्य. पण नवाला दार उघडताना तिथं असलो तर दोन तास चांगले मिळतात. खाली गाड्या लावून पुढचे चार किलोमीटर त्यांच्या बसनं जायचं असतं, त्यात वेळ जातो. म्हणून सहाला निघायचं.

मी पाचवीत असताना 1968 ला शाळेच्या सहलीत गेले होते. एक नंबरच्या लेण्यात मिट्ट काळोख. बाहेर एक पहारेकरी पांढरा पत्रा धरून उभा होता, त्यानं उन्हाचा कवडसा आत टाकला. तो उजेड भिंतीवरून सरकत सरकत पद्मपाणीच्या चेहऱ्यावर येऊन थांबला. खाली झुकलेल्या पापण्या, बोटांत हलकेच धरलेलं निळं कमळ. बाई काहीतरी सांगत होत्या, मला ऐकू आलं नाही. पुढं एकतीस वर्षं चित्रकला शिकवली, त्याची सुरुवात तिथं झाली.

माझा नातू तिकडे दर शनिवारी चित्रकलेच्या वर्गाला जातो. परदेशातली मोठी संग्रहालयं त्यानं पाहिलीत आणि ओल्या गिलाव्यावर चित्र कसं काढतात, हे त्याला तोंडपाठ आहे. परवा विचारत होता, "आजी, आपलं पण तसंच का?" तसंच नाही. खडकावर मातीचा लेप, त्यात भाताचं तूस आणि गवत. वर चुन्याचा पातळ हात. तो वाळल्यावर मग रंग. गेरू, पिवळी माती, काजळी हे सगळं या मातीतलं. निळा मात्र लाजवर्द दगडाचा, तो अफगाणिस्तानाकडून आलेला. सह्याद्रीच्या या घळीत बसून चितारी तो रंग वापरत होते, हे त्याला त्या भिंतीसमोर उभं करून सांगायचंय.

एक सूचना. सगळे एकपासून सुरू करतात आणि तिथंच दाटी होते. आपण आधी सोळा आणि सतरा पाहू, दहाव्यातला जुना चैत्य पाहू, सव्विसाव्यात पहुडलेल्या बुद्धापाशी लेकरांना जरा बसू देऊ. एक आणि दोन मग. आत गेल्यावर डोळे अंधाराला सरावेपर्यंत दोन मिनिटं कुणी बोलायचं नाही. फ्लॅश कुणीही मारायचा नाही, त्यानं रंग जातात. प्रत्येक लेकराकडे वही आणि मऊ पेन्सिल हवी, ती मी आणते.

वहिनी, तुमच्या सासूबाईंना मी स्वतः फोन करते. जेवण हलवायला सांगत नाही, फक्त विचारते.

मंडळाचे खजिनदार, शनिवार 13, सकाळी 10.50

मी तीनच दिवस आहे, 23 ला पहाटे विमान. त्यामुळे माझ्या दोन गोष्टी धरा. एक, वेरूळ नीट व्हायला हवं. दोन, जुन्या शहरातला नान-खलिया, म्हणजे नान आणि मटणाचा रस्सा. वडील नोकरीनिमित्त सात वर्षं इथं होते, महिन्याच्या पहिल्या शनिवारी ते नान आणायचे. वरून पिवळसर, मऊ, वर्तमानपत्रात गुंडाळलेले गरम नान, आणि खलिया डब्यात वेगळा. तुघलकानं 1327 च्या सुमारास राजधानी दौलताबादला आणली तेव्हा लष्कराबरोबर हे जेवण आलं, असं ते खाताना दरवेळी सांगायचे. आता ते नाहीत. मला मुलाला तिथं घेऊन जायचंय. शनिवारी रात्री जाऊ या का?

लातूरच्या काकू, शनिवार 13, सकाळी 11.30

> शनिवारी रात्री जाऊ या का?

भाऊजी, शनिवार मारुतीचा. आमचे हे आणि नाना दोघंही शनिवारी खात नाहीत. तसा मार्गशीर्ष शनिवारी सकाळी अमावास्या सरली की संपतो, म्हणजे महिन्याची अडचण नाही, वाराची आहे. रविवारी रात्री जा, हेही येतील. आम्ही न खाणाऱ्या घरी पिठलं-भाकरी करू, मला त्यात आनंदच आहे.

नाना, वाटाणा मी घालते. सासूबाईही घालायच्या.

जालन्याचा दादा, शनिवार 13, दुपारी 3.10

मंडळी, गाडीवाल्याचा परत फोन आला. वाटाणा राहू द्या.

मला एक सुचतंय. अण्णा, तुम्ही बीड, गेवराईवरून येणार ना? मग शहरात येऊच नका. पाचोडला पैठणकडे वळा. आम्ही इकडून दुपारी निघतो, पैठण पन्नास किलोमीटर. अडीच-तीनला तिथंच भेटू. म्हणजे शनिवारी दुपारी पैठण उरकतं, रविवार अजिंठ्याला मोकळा, सोमवारी वेरूळ. फक्त वहिनींचं जेवण राहतं.

सिडकोच्या वहिनी, शनिवार 13, संध्याकाळी 7.45

माईंचा फोन येऊन गेला. सासूबाई पाऊण तास बोलत होत्या, मला हातात फोन मिळालाच नाही. ठेवल्यावर म्हणाल्या, "शनिवारी माझा उपास असतो. संध्याकाळी सोडायचाच आहे, तर लेकरांच्या पंगतीत बसून सोडते. रविवारी लेण्याला जाऊ दे त्यांना." त्यांनीच ठरवलं, मी आता काही बोलत नाही. शनिवारी रात्री आठला पानं घेते. येसर आमटी, ज्वारीच्या भाकरी, अंबाडीची भाजी, शेंगदाण्याची चटणी, भात. धपाटे रविवारच्या डब्याला बांधून देते, दह्याचं तेवढं तुम्ही बघा. रविवारी सकाळी सहाच्या आत पोटात काही हवं म्हणून चुरमुऱ्यांचा सुशीला करते. चुरमुरे आदल्या रात्री आणून ठेवीन.

पैठणचं सांगते. दुकानात आधी शिरू नका. माझ्या ओळखीच्या एका मावशींच्या घरी हातमाग आहे, तिथं अर्धा तास बसू. त्यांना मी तीनचं सांगितलंय. नातींना पैठणीचा पदर कसा विणतात ते पाहू दे. एकेका रंगाची वेगळी तिल्ली, म्हणजे धागा गुंडाळलेली काडी, मोराच्या मानेपाशी हिरवा सुटतो आणि निळा धरतो, तिथं दोन धागे एकमेकांत अडकवायचे. दिवसभरात बोटभर पदर पुढं सरकतो. मागच्या वर्षी मी बसले होते तेव्हा मावशींनी पदर उलटा करून माझ्या मांडीवर टाकला आणि विचारलं, "सांगा, सुलटी बाजू कोणती?" मला सांगता आलं नाही. मागून धागे लोंबत असतील तर ती हातमागाची नव्हे, एवढं लक्षात ठेवा. ज्यांना घ्यायची आहे त्यांनी त्यांच्याकडूनच घ्या, भाव करू नका. पुराच्या वेळी धरणातून पाणी सोडलं तेव्हा त्यांना पंधरा दिवस माग उचलून ठेवावा लागला होता.

नंतर नाथांच्या समाधीचं दर्शन आणि अंधार पडायच्या आत निघू.

माई, रविवार 14, सकाळी 6.05

वहिनी, तुमच्या सासूबाईंना नमस्कार सांगा. त्या आणि मी एकाच शाळेत शिकलोय, काही वर्षांच्या अंतरानं, हे काल कळलं.

सोमवारी वेरूळला आधी कैलासाच्या आत शिरू नका. बाजूच्या पायवाटेनं डोंगरावर चढा आणि वरून खाली पाहा. कळसापासून खाली पायापर्यंत एकाच खडकातून ते उतरवलंय, हे वरूनच समजतं. मग आत. छताकडे पाहिलं तर जुन्या रंगाचे पोपडे अजून दिसतात, पूर्वी त्याला रंगमहाल म्हणायचे. दहाव्या लेण्यात, सुताराच्या झोपडीत, लेकरांना एक श्लोक म्हणू द्या. आवाज कमानीत घुमतो. खजिनदार, तुमचं वेरूळ नीट होईल, काळजी नसावी.

जालन्याचा दादा, रविवार 14, दुपारी 12.20

गाडी पक्की केली. शनिवारी दुपारी एकला सिडकोतून पैठणला. रविवारी सकाळी सहाला अजिंठ्याला, रात्री आठपर्यंत परत. खाणारे तिथून नान-खलियाला, बाकीचे काकूंच्या पिठल्याला. सोमवारी साडेआठला वेरूळ. घृष्णेश्वराचं दर्शन परतताना.

अजिंठ्याला पायऱ्या बऱ्याच आहेत. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी आताच सांगा, डोलीवाले तिथं मिळतात.

देगलूरचे नाना, रविवार 14, दुपारी 1.00

माझे दुखतात. पण मी चालतच येणार, वेळ लागला तर थांबा.

अण्णा, शनिवारी येताना उरलेली भज्जी घेऊन या, वाटाण्याची असली तरी खाईन.

लातूरचे अण्णा, रविवार 14, दुपारी 2.40

आणतो. आंबील मागू नका, सहा तासांत गाडीत फसफसून उतू जाते. पाचोडला पोचलो की फोन करतो.