ओठाखालचा पाऊच, चार मग कॉफी आणि रात्रीची धडधड

कृष्णाकाठ (गोथेनबर्ग, स्वीडन)

परवा व्हिडिओ कॉलवर आई बोलता बोलता थांबली आणि म्हणाली, "बार भरलायस काय रे?" ओठ जरासा फुगलेला तिला सांगलीत बसून दिसला. इथं ऑफिसात कितीतरी जणांचे ओठ तसेच असतात, कुणाचं लक्षही जात नाही. आजोबांचा बार खालच्या ओठात असायचा, माझा वरच्या. एवढीच काय ती प्रगती.

सतरा वर्षं सिगरेट ओढली, दिवसाला बारा-पंधरा. मुलगी चालायला लागली तेव्हा, जानेवारीत, सोडली. सोडली म्हणजे तिच्या जागी पांढरे पाऊच आले. ज्यांनी पाहिले नसतील त्यांच्यासाठी: डिप चहाची पुडी नखाएवढी करा, तसं दिसतं. तंबाखू नाही. निकोटीन, झाडाचा चोथा आणि पुदिन्याचा वास. अर्धा तास ओठाखाली ठेवायचा आणि मग डबीच्या झाकणातल्या खणात टाकायचा. थुंकायचं नाही, त्यामुळे मीटिंगमध्येही चालतो. दिवसाला आठ-दहा होतात.

महिन्यापूर्वी टीममधल्या एकाने कॅफिनचे पाऊच दिले. दिसायला तसेच, एकात 50 मिलिग्रॅम. दुपारनंतर तीन लागतात. कॉफीचे चार मग आहेतच, त्यात दहा वर्षांत बदल नाही.

आता रात्री आडवा झालो की छाती धडधडते. घड्याळात नाडी 96, 98. पूर्वी झोपताना सत्तरच्या आसपास असायची. तीन वाजेपर्यंत डोळा लागत नाही. 1177 ला, म्हणजे इथल्या आरोग्य सल्ल्याच्या नंबरला, फोन केला, गुरुवारची वेळ मिळाली आहे. तोवर इथं विचारतो: सिगरेट सुटल्यावर तब्येत सुधारायला हवी ना? आजोबा कमरेला चंची लावून 84 वर्षं जगले हे कृपया सांगू नका, काकांनी सांगून झालंय.

भडंग

अरे, उगाच घाबरतोयस. धूर नाही, डांबर नाही. स्वीडनमध्ये सिगरेट ओढणारे युरोपीय संघात सगळ्यात कमी, त्यात स्नूसचा, म्हणजे ओठाखाली ठेवायच्या तिथल्या ओल्या तंबाखूचा, मोठा वाटा. युरोपीय संघाने 1992 मध्ये स्नूसच्या विक्रीवर बंदी घातली आणि 1995 मध्ये स्वीडन आत गेला तो स्वतःसाठी सवलत घेऊनच. निकोटीनने कॅन्सर होत नाही. ऑफिसचं टेन्शन असेल, झोप.

खलबत्ता

भडंग, सिगरेटपेक्षा हे बरं, मान्य. पण सिगरेटपेक्षा बरं नाही असं काय असतं हो? आणि स्नूसची माहिती कित्येक वर्षांची आहे, या पांढऱ्या पाऊचची नाही. स्वीडनमध्येही 2022 च्या ऑगस्टपर्यंत यांना वयाची अट नव्हती, तेव्हा कायदा करून 18 केली.

कृष्णाकाठ, मी बावीस वर्षं औषधाच्या दुकानात बसते. तुमच्या प्रश्नात जी ओळ तुम्ही सहज लिहून गेलात तिथेच उत्तर असावं असं मला वाटतं: "कॉफीचे चार मग, त्यात बदल नाही." कॉफी तीच आहे, तुमचं यकृत तेच राहिलेलं नाही.

कॅफिन मोडण्याचं बरंचसं काम यकृतातलं सीवायपी1ए2 नावाचं एन्झाइम करतं. सिगरेटच्या धुरातली काही रसायनं या एन्झाइमला कामाला जुंपतात. निकोटीन नव्हे, धूर. म्हणून सिगरेट ओढणाऱ्याच्या अंगातून कॅफिन झपाट्याने निघून जातं. धूर थांबला की काही दिवसांत ते एन्झाइम पुन्हा सावकाश चालायला लागतं, आणि तेवढ्याच कॉफीत रक्तातलं कॅफिन जवळपास दुप्पट होऊ शकतं. च्युइंग गम घेऊन सोडा, पाऊच घेऊन सोडा, फरक पडत नाही. सिगरेट सोडणाऱ्याला सगळे चिडचिड होईल म्हणून सांगतात, कॉफी कमी कर हे कुणी सांगत नाही. मीही पहिली काही वर्षं सांगत नसे.

आता हिशोब. 200 मिलिलिटर फिल्टर कॉफीत साधारण 90 मिलिग्रॅम, म्हणजे चार मगांचे 360. वर पाऊचचे 150. झाले 510. निरोगी मोठ्या माणसाला दिवसाला 400 पर्यंत चालतं असं युरोपची अन्नसुरक्षा संस्था म्हणते. शिवाय न ओढणाऱ्याच्या अंगातलं निम्मं कॅफिन जायलाच पाचेक तास लागतात. संध्याकाळी पाचचा पाऊच रात्री दहाला अर्धा शिल्लक असतो. त्यावर निकोटीन, ते आपल्या परीने नाडी आणि रक्तदाब वाढवतंच.

डबीवरचे कडकपणा दाखवणारे ठिपके मोजू नका, मागचा बारीक मजकूर वाचून सांगा: मिलिग्रॅम एका पाऊचला आहे की एका ग्रॅमला?

कृष्णाकाठ

ग्रॅमला 16. पाऊच 0.7 ग्रॅमचा.

खलबत्ता

म्हणजे एकात 11. सगळं अंगात उतरत नाही, तरी माझ्या दुकानातलं निकोटीनचं गम 2 मिलिग्रॅमचं असतं, 4 चं द्यायचं तर मी डॉक्टरांची चिठ्ठी मागते.

तुमच्या आजोबांना हे नक्की ठाऊक होतं: तंबाखू चुन्याशिवाय लागत नाही. चुन्याने ती अल्कधर्मी होते आणि निकोटीन गालातून भरभर आत जातं. पाऊचच्या घटकांत सोडियम कार्बोनेट दिसतंय का बघा. काम तेच. चुना तळहातावर मळायच्या ऐवजी कारखान्यात घातला, एवढंच.

आणि ती झाकणातली वापरलेल्या पाऊचची जागा. त्यांत निकोटीन उरलेलं असतं. घरात चालायला लागलेली मुलगी आहे, डबी तिच्या हाताला लागता कामा नये. एखादा तोंडात घातलाच तर उलटीची वाट बघत बसू नका, 112. तुम्हालाही छातीत दुखलं, चक्कर आली किंवा ठोका चुकतोय असं वाटलं तर गुरुवारची वाट बघायची नाही.

सुईदोरा

दातांची डॉक्टर आहे, थोडंच लिहिते. आरशासमोर ओठ उलटून बघा. पाऊच रोज जिथे बसतो तिथे कातडी पांढुरकी, सुरकुतलेली दिसेल. ती सवय सुटल्यावर बहुतेकदा पूर्ववत होते. हिरडी मात्र खाली सरकली असेल तर ती आपोआप परत वर येत नाही. जागा बदलत राहा असं लोक सांगतात, त्याने एका ऐवजी दोन ठिकाणी होतं. हे तंबाखूच्या बारासारखं नाही हे खरं. खर्ऱ्याने तोंड उघडेनासं झालेली पोरं मी नागपुरात पाहिली आहेत, ते वेगळंच प्रकरण. पण दंतवैद्याला दाखवा.

कृष्णाकाठ

उशीर झाला लिहायला. गुरुवारी जाऊन आलो. ईसीजी ठीक, रक्तदाब जरा वर. डॉक्टरबाईंनी सिगरेट किती, पाऊच किती सगळं विचारलं, कॉफीचं विचारलं नाही. मीच सांगितलं. हसल्या आणि म्हणाल्या, बरोबर आहे.

कॅफिनचे पाऊच ज्याचे त्याला परत. कॉफी दोन मग, तीही दुपारच्या जेवणाआधी. पहिले तीन दिवस डोकं असं दुखलं की भिंतीवर आपटावंसं वाटलं. आता झोपताना नाडी 76. निकोटीन सुटलेलं नाही, खोटं कशाला बोलू. दिवसाला सहावर आलोय आणि 4 मिलिग्रॅमची डबी घेतलीय, बेचव लागते. ओठाखाली खरोखर पांढरा चट्टा आहे, सुईदोरा. दंतवैद्याची वेळ घेतोय.

डबी आता कपाटाच्या वरच्या फळीवर असते. पाऊच हवा असला की स्टूल ओढावं लागतं, आणि स्टुलाचा आवाज झाला की मुलगी धावत येते.