शाळकरी एक्स्चेंज आणि मनातले शिक्के : अनुभव लिहा

पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांना प्रत्येक देशाबद्दल काहीतरी 'माहीत' असतं. जर्मन शिस्तीचे, फ्रेंच आखडू, अमेरिकन उथळ, जपानी अबोल. घरातल्या गप्पा, व्हिडिओ, फुटबॉलचे सामने यांतून गोळा झालेलं हे ज्ञान. त्या देशातलं माणूस बहुतेकांना भेटलेलंच नसतं. शाळांच्या एक्स्चेंजमध्ये, म्हणजे दोन देशांतल्या शाळा मुलांना एकमेकांकडे राहायला पाठवतात तेव्हा, ते भेटतं, आणि सकाळी अंघोळीसाठी रांग लावण्यापासून रात्री गृहपाठावर कुरकुर करण्यापर्यंत दिवसभर भेटत राहतं.

हा विषय मला फार जिव्हाळ्याचा आहे. 22 जानेवारी 1963 ला फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष द गॉल आणि पश्चिम जर्मनीचे चान्सेलर आडेनाउअर यांनी दोन देशांच्या मैत्रीच्या एलिझे करारावर सह्या केल्या. दोन्ही देशांतल्या कित्येक घरांत तेव्हा युद्धात गेलेल्या माणसांचे फोटो भिंतीवर होते. तरी त्याच वर्षी फ्रान्स आणि जर्मनीने मिळून युवा कार्यालय काढलं आणि मुलांना एकमेकांच्या घरी पाठवायला सुरुवात केली. आजवर नव्वद लाखांहून जास्त तरुण त्यातून गेले आहेत. ज्या आईबापांनी त्या पहिल्या वर्षांत मुलं पाठवली, त्यांच्या धीराचं मला आजही नवल वाटतं.

तुम्ही स्वतः गेला असाल, मुलांना पाठवलं असेल, कुणाला घरी ठेवून घेतलं असेल किंवा शिक्षक म्हणून गट नेला असेल, तर सविस्तर लिहा. फसलेले अनुभवही हवे आहेत.

*

जर्मनीत राहणारी एक आई

आमच्या लेकीचा वर्ग पोलंडमध्ये क्शिझोव्हाला गेला होता. सायलेशियातलं हे लहानसं गाव 1945 पर्यंत जर्मनीत होतं, तेव्हा त्याचं नाव क्रायसाऊ. हिटलरला विरोध करणाऱ्या एका गटाच्या बैठका इथल्या मोल्टके घराण्याच्या जागेत झाल्या होत्या. बर्लिनची भिंत पडल्यावर तीनच दिवसांनी, 12 नोव्हेंबर 1989 ला, पश्चिम जर्मनीचे चान्सेलर हेल्मुट कोल आणि पोलंडचे पंतप्रधान माझोव्हिएत्स्की इथेच प्रार्थनेला एकत्र आले. आता तिथे तरुणांच्या भेटीगाठींचं केंद्र आहे.

निघण्याआधी वर्गात पोलिश लोकांवरचे गाडीचोरीचे विनोद चालायचे. पलीकडच्या मुलांच्या मनातला जर्मन म्हणजे हुकूम सोडणारा माणूस. पहिल्या संध्याकाळी दोन्ही गट दोन भिंतींना चिकटून बसले होते म्हणे. शिक्षकांनी मग मिश्र गट पाडले आणि काम दिलं : आपल्या घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाची 1945 ची हकिगत सांगायची आणि सगळ्यांनी मिळून त्यांचं प्रदर्शन मांडायचं.

लेकीच्या गटातल्या एका जर्मन मुलाची पणजी सायलेशियातूनच हाकलली गेलेली. एका पोलिश मुलीची पणजी पूर्वेकडून, आता युक्रेनमध्ये असलेल्या ल्विव्हजवळचं घर सोडून, सायलेशियात येऊन पडलेली. तिला जर्मनांनी रिकामं केलेलं घर मिळालं होतं. दोघी एकाच काळात एकेक गाठोडं घेऊन निघालेल्या. ती दोन्ही पोरं नकाशावर वाटा आखत रात्री उशिरापर्यंत बसली होती.

आणि आमची लेक? ती आली होती जर्मन गटातून, घरात मराठी बोलणारी. पोलिश मुलींनी तिला विचारलं, "तू जर्मन कशी?" वर्गातले जर्मन मित्र तिच्या आधी बोलले, "आमच्यातलीच आहे की!" हे सांगताना फोनवर तिचा आवाज बदलला होता. 'जर्मन असा असतो' हा साचा तिथे पोलिश मुलांसाठी मोडलाच. पण माझ्या मते तो त्या जर्मन मुलांसाठीही मोडला, कारण त्यांनी आधी कधी हे मोठ्याने म्हटलं नव्हतं.

*

भाषा शिकवणारी शिक्षिका

ताई, फसलेला अनुभव माझ्याकडून घ्या. एका दौऱ्यात मी सोबत होते. आखणी आयोजकांची. मुलं हॉटेलात, आपापल्या मित्रांबरोबर. दिवसा स्थळदर्शन, यजमान शाळेत फक्त एक सकाळ आणि तीही भाषणं व फोटोंची. परत येताना बसमध्ये तेच शिक्के अजून ठसठशीत झालेले : "बघितलं ना, हे लोक थंडच असतात." नुसतं दुरून बघितल्याने पूर्वग्रहाला पुरावा मिळतो, एवढंच.

गॉर्डन ऑलपोर्ट या मानसशास्त्रज्ञाने 1954 मध्येच सांगून ठेवलंय की नुसती गाठ पडून भागत नाही. दोन्ही बाजू बरोबरीच्या हव्यात, उद्दिष्ट एक हवं, ते एकमेकांच्या मदतीने गाठायचं हवं, आणि मोठ्यांचा त्याला उघड पाठिंबा हवा. पुढे पेटिग्र्यू आणि ट्रॉप यांनी पाचशेहून जास्त अभ्यास एकत्र तपासून 2006 मध्ये दाखवलं की संपर्काने पूर्वग्रह साधारणपणे कमी होतात, आणि या अटी पाळल्या तर परिणाम जास्त दिसतो. क्शिझोव्हात नेमकं हेच घडलेलं दिसतंय.

बरोबरीचं सांगते. भाषेत जो पक्का तो यजमान आणि अडखळतो तो पाहुणा, असं झालं की पाहुणा लगेच 'बुजरा' किंवा 'मंद' ठरतो. म्हणून दोघांनाही परकी असलेली जागा निवडण्याची पद्धत मला फार आवडते. तिथे सगळेच सारखे अडखळतात.

*

खूप वर्षांपूर्वी एएफएसतर्फे अमेरिकेत राहिलेली

एएफएस ही मुलांना परदेशी घरांत राहायला पाठवणारी संस्था. तिची मुळं पहिल्या महायुद्धातल्या स्वयंसेवक रुग्णवाहिका-चालकांत आहेत. दुसरं युद्ध संपल्यावर त्याच लोकांनी 1947 पासून शाळकरी मुलांना वर्षभरासाठी परदेशी घरांत ठेवायला सुरुवात केली. जखमी माणसं उचलून आणणाऱ्यांना हे सुचलं, ही गोष्ट मला तेव्हाही भिडली होती.

माझ्या वाट्याला आलेला त्रास असा की वर्गात मी माणूस नसून देश होते. निवडणूक असो वा पूर, "तुमच्याकडे काय म्हणतात?" हा प्रश्न माझ्याकडे. मला गणित अजिबात आवडत नाही हे कळल्यावर कित्येकांना खरंच धक्का बसला! वर्षाच्या उत्तरार्धात हे प्रश्न आपोआप थांबले, कारण तोवर मी नाटकाच्या पडद्यामागे दिवे सांभाळणारी मुलगी झाले होते. उलट बाजूने माझंही तसंच. यजमान घरातला मोठा भाऊ घुमा, धाकटी अखंड बडबडी, आई काटेकोर, बाबा विसराळू. 'अमेरिकन' हा शब्द यांतल्या नेमक्या कुणाला लावायचा? सगळे चांगले निघाले म्हणून माझं मत बदललं नाही. ते एकमेकांसारखे नव्हते म्हणून बदललं. म्हणूनच वर्षभराचा मुक्काम मला मोलाचा वाटतो. चार दिवसांत एखाद्या घरातले स्वभाव वेगळे दिसत नाहीत.

*

एक बाबा

एक्स्चेंजमध्ये माझ्या मुलाची ज्या मुलाशी जोडी लावली होती, तो त्याच्याशी फारसा बोलायचाच नाही. दुसऱ्याच दिवशी माझ्या मुलाचा मेसेज : "इथले सगळे गर्विष्ठ आहेत." सोबतच्या शिक्षिकेने जोडी बदलली नाही, फक्त दोघांना शाळेच्या कार्यक्रमासाठी एकत्र संगीत बसवायला दिलं. तो जोडीदार पोरगा गर्विष्ठ नव्हता, लाजाळू होता. आता तो आमच्याकडे यायचाय.

*

धागा काढणारी

शिक्षिकाबाई, तुमचा प्रतिसाद मी जपून ठेवलाय. त्यात एक भर. 2003 मध्ये, एलिझे कराराच्या चाळिसाव्या वर्षी, बर्लिनला फ्रेंच आणि जर्मन विद्यार्थ्यांची युवा-संसद भरली. दोन्ही देशांत एकच इतिहासाचं पुस्तक असावं ही मागणी त्या मुलांनी केली, आणि 2006 मध्ये त्याचा पहिला खंड दोन्ही भाषांत निघाला. मागणी मंत्र्यांची नव्हती, मुलांची होती!

आणि बाबा, जोडीदार येणार आहे तर एक विनंती. पहिल्या दिवशी त्याला त्याच्या देशाबद्दल काही विचारू नका. कुठलं वाद्य वाजवतो, कुणाकडे शिकतो, घरी सराव करताना शेजारी ओरडतात का, असलं विचारा. नातेवाईक भेटायला येणार असतील तर त्यांनाही आधी सांगून ठेवा, नाहीतर बिचाऱ्याला दर संध्याकाळी राजदूत म्हणून बसावं लागेल.