गाडी दारात लागत नाही, म्हणूनच तर वेंगन!

घाटमाथा (धागाकर्ती)

'स्पष्टवक्ता' यांनी गेल्या आठवड्यात 'पैसे मोजून हमाली' हा लेख टाकला. वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: फेब्रुवारीत ते सहकुटुंब स्वित्झर्लंडच्या डोंगरातल्या वेंगन गावी स्कीइंगला गेले. इंटरलाकेनला रेल्वे बदला, लाउटरब्रुननला परत बदला, सोबत चार बॅगा, दोन मुलं आणि आई, वर पोचल्यावर बर्फातून भाड्याच्या घरापर्यंत चढ. निष्कर्ष काय, तर 'गाडीमुक्त गाव' हे श्रीमंतांना विकायचं सोंग आहे. यापुढे ऑस्ट्रिया, तिथे गाडी थेट दारात लागते. मी तिथेच चार ओळी लिहून सोडून देणार होते, पण राहवेना.

पहिली गोष्ट म्हणजे वेंगनमध्ये कोणी गाड्यांना बंदी घातलेली नाही. तिथवर मोटारीचा सार्वजनिक रस्ताच नाही. १८९३ साली दातेरी रुळांची रेल्वे आली, आजही सगळं तिनेच वर जातं, दूध, सिमेंट, माणसं, स्की. समोरच्या म्यूरेन गावाची गोष्टही तशीच. सास-फे हे स्विस गाव मात्र वेगळं. तिथे १९५१ साली रस्ता पोचला आणि गावाने ठरवलं, गाड्या वेशीवर थांबतील. गेली सत्तर वर्षं त्या तिथेच थांबताहेत. याला सोंग म्हणायचं?

दुसरी गोष्ट माझ्या घरातली. आम्ही बाझलला राहतो. तिथे मी सात वर्षांच्या मुलीचा हात सिग्नलला सोडत नाही. वेंगनला स्की शिकवण्याचा उतार गावाच्या अगदी मधोमध आहे. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, आज मला न्यायला येऊ नकोस. मी गॅलरीत उभी राहिले. खांद्यावर दोन्ही स्की, त्यातली एक सारखी सुटून पडायची. ही थांबायची, बर्फ झटकायची, दोन्ही नीट जुळवायची, पुन्हा खांद्यावर. ते जड बूट घालून टाचेवर पाऊल टाकत वीस मिनिटांत घरी आली, वाटेत बेकरीत थांबून पाव घेऊन. गाडी दारात लागणाऱ्या गावात मी तिला एकटीला सोडलं नसतं. सुट्टीचे पैसे मी त्या वीस मिनिटांसाठी मोजले, असं म्हणालात तरी चालेल.

आणि सामान! इथली रेल्वे तुमच्या बॅगा आधी पोचवते. थोडे फ्रँक जास्त पडतात. ही चौकशी न करता गेलात आणि खापर गावावर फोडलंत.

स्पष्टवक्ता

लेख माझाच, तेव्हा उत्तर देतो. मुलीची गोष्ट छान आहे. पण तुम्ही गॅलरीतून पाहत होतात आणि मी ७१ वर्षांच्या आईचा हात धरून गोठलेल्या उतारावर उभा होतो. तिच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली. स्टेशनपासून घर चारशे मीटर, सगळा चढ. हॉटेलवाले स्टेशनवर बॅटरीची गाडी पाठवतात, भाड्याच्या घराला कोण पाठवणार? दोनदा बसली ती वाटेत, बर्फावर, माझ्या बॅगेवर.

आता गाड्या कुठे गेल्या ते बघा. नाहीशा झाल्या का? झरमॅट, तेही असंच गाडीमुक्त गाव, तिथल्या गाड्या खाली टेशला उभ्या असतात, २१०० गाड्यांचं छपराखालचं पार्किंग आहे तिथे. वेंगनच्या लाउटरब्रुननला. सुट्टीच्या दिवशी लाउटरब्रुननच्या रस्त्यावर रांग हलत नाही. २०२४ मध्ये त्या गावात मोटारीने येणाऱ्यांकडून प्रवेश शुल्क घ्यायचा विचार सुरू झाला, इतके लोक कावले होते. वरच्यांची शांतता खालच्यांच्या अंगणात धूर सोडून मिळते. यावर धागाकर्तीबाई एक शब्द बोलत नाहीत.

बर्नकर

दोघांचंही अर्धं अर्धं बरोबर आहे असं म्हणणार नाही, कारण स्पष्टवक्तांचं मुख्य म्हणणं चूक आहे. मी जानेवारी २०१८ मध्ये झरमॅटला अडकलो होतो. बर्फ इतका पडला की रेल्वे बंद, रस्ता बंद. १३,००० पर्यटक गावात कोंडलेले. हेलिकॉप्टरने थोडे थोडे बाहेर काढले. तेव्हाही माझ्या ओळखीचे एकजण म्हणाले, गाडी असती तर निघालो असतो. कुठून निघाला असता? रस्ताच कड्याखालून जातो, हिमलोट कोसळण्याची भीती म्हणून तोही बंद होता. अशा दरीत रेल्वे थांबली की मोटारही थांबते, हे लक्षात घ्या.

मात्र झरमॅटला शांत म्हणणाऱ्यांशी माझं भांडण आहे. पाचशेच्या आसपास बॅटरीच्या गाड्या आहेत तिथे, डब्यासारख्या चौकोनी, गावातच बनवलेल्या. आवाज नाही म्हणून कळतच नाहीत. पाठीवर स्की घेऊन वळलात की अंगावर. खरी शांतता हवी तर म्यूरेन किंवा बेटमराल्प. बेटमराल्पला हिवाळ्यात गल्ल्यांवरचा बर्फ काढत नाहीत, तसाच दाबतात. लोक किराणा छोट्या स्लेजवर बांधून ओढत नेतात. मी स्वतः बटाट्याची पिशवी ओढली आहे.

स्की खेळायचं म्हणाल तर आज आपण ज्याला स्लॅलम (खांबांमधून वळणं घेत उतरायची शर्यत) म्हणतो त्याची पहिली आधुनिक शर्यत १९२२ साली म्यूरेनलाच आखली गेली, आर्नल्ड लन यांनी. अल्पाइन, म्हणजे उतारावरच्या, स्कीची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धाही तिथेच, १९३१ साली. सगळे खेळाडू रेल्वेनेच वर गेले होते. गाडीविना स्की करता येत नाही असं म्हणणाऱ्यांनी हे एकदा वाचावं.

स्पष्टवक्ता

करता येत नाही असं मी कुठे म्हटलं? आईचं काय ते सांगा. १९३१ सालचे खेळाडू ७१ वर्षांचे नव्हते.

नेरळकर

गाडीमुक्त गावाचं एवढं कौतुक चाललंय, म्हणून विचारतो. माथेरानला कोण कोण गेलंय? तिथेही मोटारी नाहीत, दस्तुरी नाक्याला थांबतात. पुढे अडीच-तीन किलोमीटर चाला, घोड्यावर बसा, नाहीतर हातरिक्षा. माझे वडील चोवीस वर्षं हातरिक्षा ओढत होते. पुढे एक, मागून ढकलायला दोघे, आत मुंबईचं एक कुटुंब. पावसाळ्यात लाल चिखलात पाय रुतायचे. तळहाताला असे घट्टे पडले होते की भाताचा घास चुरताना त्यांना शितं जाणवत नसत. शांतता, शुद्ध हवा, सगळं बरोबर. ती शांतता माझ्या बापाच्या खांद्यावर होती.

ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, सहा महिन्यांत हातरिक्षा बंद करा, ई-रिक्षा द्या. स्वातंत्र्यानंतर ७८ वर्षांनी. वडील त्याआधीच गेले.

सह्यभटक्या

नेरळकर, वाईट वाटलं वाचून. पण ई-रिक्षा आली की माथेरान संपलं, हे लिहून ठेवा. आज ई-रिक्षा, उद्या त्यांच्यासाठी पेव्हर ब्लॉक, परवा हॉटेलवाल्यांच्या बॅटरीच्या गाड्या. झरमॅटमध्ये पाचशे झाल्याच ना? २००३ पासून तो इको सेन्सिटिव्ह झोन आहे. आम्ही तिथे चालायला जातो, ती लाल मातीची वाट हेच माथेरान. घोडेवाल्यांनीही विरोध केला, तो काय उगाच?

नेरळकर

तुम्ही चालायला जाता. रविवारी. सोमवारी परत येता. माझी बहीण रोज शाळेला दस्तुरीपासून चालत जायची, पावसात, दप्तर प्लास्टिकमध्ये गुंडाळून. तुमच्या लाल मातीसाठी आम्ही अजून किती वर्षं ओढायचं? सरळ सांगा.

सह्यभटक्या

मी माणसांनी ओढावं असं कुठेही म्हटलेलं नाही. माझ्या तोंडी घालू नका. मी म्हणतोय मिनी ट्रेन नीट चालवा. १९०७ पासूनचा रूळ आहे, २०१९ च्या पावसात वाहून गेला आणि नेरळहून वरपर्यंत गाडी सुरू व्हायला २०२२ चा ऑक्टोबर उजाडला. अमन लॉजची शटल तर अगदी दस्तुरीजवळून सुटते. तिच्या फेऱ्या वाढवल्या, सामानाचा डबा जोडला तर रिक्षा लागतेच कशाला?

नेरळकर

शटल मला शिकवू नका, मी त्या रुळाच्या बाजूला वाढलो. शेवटची शटल गेल्यावर आजारी माणूस कोण आणणार, हे तुम्हाला माहीत आहे का? अॅम्ब्युलन्स आहे म्हणाल. ती एक. बाकी आम्हीच. तुम्हाला गाव नको आहे, चित्र हवं आहे.

सह्यभटक्या

'चित्र हवंय' ही वैयक्तिक टीका झाली. वीस वर्षं तिथल्या झाडांसाठी अर्ज करत फिरतोय मी.

घाटमाथा

कृपया दोघंही थांबा. माथेरानवर वेगळा धागा काढता येईल. पण नेरळकर, तुमचं लिहिलेलं वाचून मी दुपारपासून त्याच विचारात आहे, आणि ते विषय सोडून आहे असं म्हणणार नाही. रेल्वे वेळेवर, रात्री उशिरापर्यंत आणि प्रत्येकाला परवडेल अशी नसेल, तर गाडीमुक्त गाव म्हणजे कोणीतरी ओढत राहणार. वेंगनला सिमेंटची गोणीसुद्धा रेल्वेने येते म्हणून तिथे माणसाला ओढावं लागत नाही. सह्यभटक्यांचा सामानाच्या डब्याचा मुद्दा मला म्हणूनच पटतो. ते एवढे चिडून बोलतात ते मात्र पटत नाही.

लाउटरब्रुननबद्दल: स्पष्टवक्ता, तुमचं बरोबर आहे. पहिली दोन वर्षं आम्हीही तिथेच गाडी लावत होतो. आता बाझलहून रेल्वेने जातो. सगळ्यांनी तसं केलं तर ती रांग राहणार नाही, पण सगळे तसं करत नाहीत, हे खरं. तुमच्या आईंबद्दल लिहिताना मी घाई केली. तरीही गाडी हा त्यावरचा उपाय नव्हता. स्टेशनालगतचं हॉटेल हा होता.

स्पष्टवक्ता

स्टेशनालगतच्या हॉटेलचा दर बघा आणि मग बोला. आम्ही भाड्याचं घर का घेतलं असेल? चार जणांचे लिफ्टचे पास, बूट, स्की, मुलांचे वर्ग. हे सगळं भरल्यावर शिल्लक राहतं त्यात चारशे मीटर चढच येतो.

आणखी एक, लेखात लिहायचं टाळलं होतं. दुसऱ्या रात्री धाकट्याचा कान दुखायला लागला. अकरा वाजले होते. खाली जायचं कसं, वर औषध मिळेल का, काहीच कळेना. शेजारच्या घरातल्या बाईने दार वाजवून औषध दिलं, भिंतीतून रडणं ऐकू गेलं म्हणून. त्या रात्री मी ठरवलं, परत येणार नाही. सकाळी तो बरा होता आणि दिवसभर मॅजिक कार्पेटने (उतारावरचा सरकता पट्टा) वर गेला, स्कीवरून खाली आला, पुन्हा वर गेला. निघताना सगळ्यात जास्त तोच रडला. सामान आधी पाठवायची सोय मला माहीत नव्हती, तेवढं मान्य. 'सोंग' हा शब्दही मागे घेतो. आईला घेऊन मात्र पुन्हा जाणार नाही.

बर्नकर

रात्री गंभीर काही झालं तर १४४ ला, म्हणजे अॅम्ब्युलन्सला, फोन करायचा, तो नंबर अख्ख्या देशात चालतो. वेंगनला असो की झुरिकला. हे मुलांसकट जाणाऱ्या प्रत्येकाने लिहून ठेवा.

नेरळकर

एक विचारायचं राहिलं. हॉटेलची ती बॅटरीची गाडी स्टेशनवरून सामान नेते, ती कोण चालवतं? पगारी माणूस असतो की प्रवाशामागे पैसे मिळतात?

बर्नकर

पगारी. झरमॅटकडे या कामांत पोर्तुगीज लोक पुष्कळ आहेत. माझ्या ओळखीचा एक आहे, हिवाळाभर सामान नेतो, उन्हाळ्यात बांधकामावर. वर घरभाडं झेपत नाही म्हणून टेशला राहतो. पहाटेच्या गाडीने चढतो, बारा मिनिटं लागतात.

नेरळकर

म्हणजे तोही खालीच राहतो. पण गाडीने चढतो आणि पगार घेतो. माझ्या वडिलांना एवढंच हवं होतं.