बाबांची १९७८ची पद्मिनी घेऊन ठाणे ते वाई: हायवेला किती वेग धरावा?

मुग्धा_ठाणे

नमस्कार. बाबांना जाऊन दिवाळीत दोन वर्षं होतील. त्यांची फिकट निळी प्रीमियर पद्मिनी सोसायटीच्या शेडमध्ये नुसती उभी होती. गेले सहा महिने मी ती मार्गी लावतेय. बॅटरी नवी टाकली, कार्ब्युरेटर साफ केला, रेडिएटर खोलून धुऊन घेतला, रजिस्ट्रेशनचं नूतनीकरण झालं, इन्शुरन्स आहे. रोज सकाळी सहाला घोडबंदर रोडवर एक फेरी मारते. चौथ्या गिअरला, ६०च्या आसपास ती जी एका सुरात चालते ना, तेव्हा बाबा शेजारी बसलेत असंच वाटतं.

मार्चमध्ये वाईला मामेबहिणीचं लग्न आहे. लहानपणी दर मे महिन्यात आम्ही याच गाडीने वाईला जायचो, म्हणून या वेळी हीच न्यायची इच्छा आहे. नवरा म्हणतो एक्सप्रेसवेने जाऊ, गाडी ९० सहज धरते. धरते, मी पाहिलंय. पण ९०ला असताना पुढच्याने ब्रेक मारला तर काय, या विचाराने पोटात गोळा येतो.

एक्सप्रेसवे की जुना हायवे? वेग किती ठेवू? आणि सहा वर्षांच्या लेकीला मागे बसवावं का? गाडीला सीटबेल्ट नाहीत.

ओंकार_के

बिनधास्त जा. माझ्या मित्राने त्याच्या पद्मिनीला पुढे डिस्क ब्रेक आणि रेडियल टायर टाकलेत, १००ने जातो. मधली लेन धरा आणि सोडू नका. जुनी इंजिनं दणकट असतात, काही होत नाही.

डिलाइट_६८

मुग्धाताई, माझ्याकडे १९६८ची फियाट ११०० डिलाइट आहे. तुमच्या पद्मिनीची थोरली बहीणच म्हणा, तीही कुर्ल्याच्याच कारखान्यातली. एकतीस वर्षं मीच चालवतोय, तळेगावात राहतो, त्यामुळे बोरघाट माझ्या अंगणासारखा. ओंकाररावांचं इंजिनाबद्दलचं म्हणणं मला मान्य आहे. १०८९ सीसीचं ते इंजिन ९०ला कुरकुरत नाही. माझी काळजी वेगळीच आहे.

आपल्या गाड्यांना चारही चाकांना ड्रम ब्रेक, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या डब्याला आतून शू दाबून थांबवणारे. पायाचा जोर वाढवणारा सर्व्हो नाही, चाकं लॉक होऊ न देणारं एबीएस तर नाहीच. मी एकदा पहाटे मोकळ्या रस्त्यावर खडूने रेघ मारून टेपने मोजलं. ६०वरून कचकचून ब्रेक मारला तर गाडी २८ मीटरात थांबली, ८०वरून ५२ मीटर लागले. वेग एक तृतीयांशाने वाढला आणि अंतर जवळपास दुप्पट झालं. त्यात तुमचा पाय ब्रेकवर जाईपर्यंतचा एक सेकंद धरा, म्हणजे ८०ला आणखी २२ मीटर. तुमच्या पुढची आजची गाडी ८०वरून तिसेक मीटरात उभी राहते. तिने मारलेला ब्रेक तुम्हाला दिसेपर्यंत तुमची जागा संपलेली असते. पुढच्या गाडीमागे भरपूर अंतर सोडलंत तर त्यात दुसरी गाडी घुसते. मग पुन्हा मागे पडायचं. मनाची तयारी या गोष्टीची करा, दिवसभर मागे पडत राहण्याची.

१९९७चा मे. पुण्याहून मुंबईला निघालो होतो, एक्सप्रेसवे तेव्हा नव्हता. सौ. शेजारी, मागे आंब्याच्या दोन पेट्या आणि सासूबाई. खंडाळ्याच्या खाली एका ट्रकमागे अडकलो. तिसऱ्या गिअरमध्ये होतो आणि पाय सतत ब्रेकवर. आधी जळक्या लायनरचा, म्हणजे शूवरच्या घासणाऱ्या पट्टीचा, वास आला. तो वास मी ट्रकचा समजलो. पुढच्या वळणावर पेडल दाबलं आणि ते पायाखालून निघून गेल्यासारखं थेट फ्लोअरला टेकलं. दोन-तीनदा पंप केलं, थोडंसंच वर आलं. दुसरा टाकला, मग कसाबसा पहिला, हँडब्रेक ओढला आणि डोंगराच्या बाजूच्या गटारात डावी चाकं घालून गाडी थांबवली. सासूबाई एक शब्द बोलल्या नाहीत, फक्त माझा खांदा धरून बसल्या होत्या. त्यांच्या बोटांची ती पकड मला आजही जाणवते.

झालं होतं असं. ड्रम तापला की फुगतो आणि शूपासून लांब जातो, त्यात तापलेलं लायनर नीट पकडत नाही. शिवाय ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषत राहतं. डॉट ३ दर्जाचं ब्रेक ऑइल ताजं असताना निदान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, ओलावा मुरला की तीच मर्यादा १४०वर येऊ शकते. ऑइल उकळलं की बुडबुडे होतात, आणि पेडल दाबल्यावर नुसते बुडबुडेच दाबले जातात. मी ते ऑइल चार वर्षं बदललं नव्हतं. गळत नाही ना, मग कशाला, अशी माझी समजूत. बाटलीत काढलं तेव्हा कोऱ्या चहासारखं दिसत होतं.

म्हणून निघण्याआधी हे करा: चारही ड्रम उघडून घ्या, तुमच्या डोळ्यांसमोर. व्हील सिलिंडरचं, म्हणजे ऑइलच्या दाबाने शू ढकलणाऱ्या नळकांड्याचं, रबरी कव्हर नखाने उचलून बघा, आत ओल दिसली तर तो सिलिंडर गळतोय. ब्रेक ऑइलचे होस पाईप बाहेरून ठीक दिसले तरी बदला. आतून रबर फुगलं की ऑइल जातं पण परत येत नाही आणि ते चाक धरून ठेवतं. ऑइल सगळं काढून नवं भरा. शू ॲडजस्ट करून घ्या. पेडल पहिल्याच दाबाला वर हवं. दुसऱ्या पंपाला वर येत असेल तर काम झालेलं नाही. मग दहा किलोमीटर चालवून उतरा आणि चारही चाकांजवळ हात न्या. एखादं जास्त तापलं असेल तर ते चाक घासतंय.

टायरच्या भिंतीवर चार आकडी तारीख असते, आधी आठवडा आणि मग वर्ष. नक्षी कितीही शाबूत असो, सात-आठ वर्षांवरचा टायर घेऊन हायवेला जाऊ नका. साधे आणि रेडियल टायर एकत्र तर मुळीच नकोत. पुढचं चाक जॅकवर उचलून वर-खाली आणि आडवं हलवून बघा. खुळखुळ वाटली तर ७०ला ट्रक शेजारून जाताना स्टिअरिंग हातात राहणार नाही. पेट्रोलचे रबरी पाईपही नवे घाला, आताच्या इथेनॉलवाल्या पेट्रोलने जुनं रबर चिरतं.

ओंकारराव, डिस्कबद्दल एकच सांगतो. चांगल्या हाताने, मास्टर सिलिंडर (पेडलला जोडलेला मुख्य सिलिंडर) आणि मागच्या ब्रेकचा मेळ साधून बसवले तर ते नक्की चांगले. पण नुसते पुढे डिस्क लावून १००ने जाणं मला पटत नाही. स्टिअरिंग, सस्पेन्शन, दारं, छप्पर, सगळं त्याच काळातलं आहे. आणि ती गाडी धडकली तर स्टिअरिंगचा दांडा सरळ छातीकडे येतो.

रस्ता जुना घ्या: पनवेल, खोपोली, लोणावळा, कामशेत, वडगाव. एक्सप्रेसवेला कारची मर्यादा १०० आहे आणि डाव्या लेनला अवजड गाड्या. ६५ने गेलात तर ट्रक मागे चिकटतो, मधल्या लेनला गेलात तर कार चिकटतात. जुन्या रस्त्याला रिक्षा, दुचाकी सगळं असतं, पण सगळ्यांचा वेग तुमच्याजवळचा असतो. तिथे ६० ते ६५. खोपोलीहून चढताना दुसऱ्या गिअरची लाज बाळगू नका आणि घाटातल्या शिंग्रोबाच्या देवळापाशी पाच मिनिटं थांबा. गाडी बंद पडून परत लागत नसेल तर इंजिनाजवळच्या पेट्रोल पंपावर ओलं फडकं ठेवा, पाईपमधल्या पेट्रोलची वाफ झालेली असते. येताना जो गिअर चढायला लागला, त्याच गिअरने उतरा.

मागच्याला तुम्ही दिसायला हव्यात. आपले मागचे दिवे सुपारीएवढे. मागच्या काचेत वरच्या बाजूला एलईडीचा जास्तीचा ब्रेक लाईट लावा, बंपरवर लाल रिफ्लेक्टर टेप लावा. डाव्या बाजूचा आरसा नसेल तर बसवा. अंधारात प्रवास नको.

लेकीला त्या गाडीत हायवेला बसवू नका. माझ्या नातीचं मन मीही मोडलंय. गावात, शाळेपर्यंत, तळ्यावर, तीसच्या वेगाने तिला सगळीकडे नेतो, पण तळेगाव सोडून बाहेर नाही. नुसता पट्टा पत्र्याला बोल्ट करून भागत नाही, मागे जाड पट्टी वेल्ड करून पक्कं करावं लागतं, आणि लहान मुलाला त्यातही वेगळी सीट लागते.

सुरूर_फाटा

काकांनी बोरघाटाचं सांगितलं, मी आमच्या बाजूचं सांगतो. जाताना फार काळजी नाही. येताना जपा. कात्रजचा नवा बोगदा संपला की नवले पुलापर्यंत सलग उतार आहे आणि तो डोळ्यांना कळत नाही. ट्रकवाले डिझेल वाचवायला न्यूट्रलमध्ये सोडतात, ब्रेक तापतात आणि खाली पुलापाशी थांबलेल्या गाड्यांवर येतात. तिथले अपघात पेपरात सतत वाचता. बोगद्याच्या आधीच तिसरा टाका आणि मागच्या आरशात बघत उतरा. पुलाखाली सिग्नलला किंवा कोंडीत उभं राहावं लागलं तर पुढे थोडी जागा सोडून उभ्या राहा, म्हणजे बाजूला निघता येईल. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी उजाडताच वाईहून निघालात तर सकाळीच तो टप्पा पार होईल.

मुग्धा_ठाणे

काका, तुमचं लिहिलेलं प्रिंट काढून गॅरेजला घेऊन गेले आणि स्टूलवर बसून राहिले. मागच्या डाव्या चाकाचा सिलिंडर गळत होता. लायनरला ओला काळा थर, बोटाला चिकटला. मी रोज ६०ने चालवत होते! ब्रेक ऑइल तुम्ही म्हणालात त्याच रंगाचं. चारही सिलिंडर, मास्टर सिलिंडरचं किट आणि होस पाईप बदलले.

टायरवर १४०९ होतं, म्हणजे २००९चा एप्रिल. नक्षी इतकी सुंदर होती की मी कधी शंकाच घेतली नसती. बाबांनी शेवटचे घेतलेले टायर, बदलताना थोडं रडू आलं. पाचही नवे घेतले.

एक विचारायचं आहे. नवरा म्हणतोय की ५० वर्षं पूर्ण झाली की व्हिंटेज नंबर घ्यावा. घ्यावा का?

डिलाइट_६८

सिलिंडर सापडला हे वाचून फार बरं वाटलं. तो घाटातच गेला असता.

व्हिंटेज नोंदणीचे नियम २०२१ला आले. ५० वर्षांवरच्या गाडीला 'व्हीए' मालिकेचा नंबर मिळतो, नव्या नोंदणीला २० हजार रुपये फी. पण मग ती रॅली, प्रदर्शन, पेट्रोल, दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर आणता येते, रोजच्या वापराला नाही. माझी डिलाइट मला रोज भाजीला न्यायची असते, म्हणून मी साधी नोंदणीच नूतनीकरण करत राहतो. तुमची सकाळची सहाची फेरी तुम्हाला प्यारी असेल तर घाई करू नका.

नव्या लायनरवर लगेच घाट नको. तीन-चारशे किलोमीटर गावात चालवा, शू ड्रमला बसू द्या, मग पुन्हा एकदा ॲडजस्ट करून घ्या. मार्चपर्यंत वेळ आहे.

मुग्धा_ठाणे

ठरलं. लेक आणि आई आमच्या दुसऱ्या गाडीत नवऱ्याबरोबर, माझ्या मागे पन्नास मीटरवर, म्हणजे मागून येणाऱ्यांना आधी ते दिसतील. मी एकटी पद्मिनीत. लेक रुसली होती. हायवेवरून वाईकडे वळतो त्या सुरूर फाट्यापासून पुढे वाईपर्यंतही नाही, पण मामाच्या गल्लीतून मांडवापर्यंत तिला पुढे बसवून नेईन असं सांगितलंय. उजाडल्यावर निघून तळेगावला सकाळी दहाच्या सुमारास पोहोचेन. काका, चहाला थांबू का?

डिलाइट_६८

थांबा. पोहोचलात की आधी चाकांना हात लावून बघू, मग चहा.