मदत हवी आहे: बॉम्बरमॅन (फॅमिकॉम, १९८५) – सहाव्या-सातव्या स्टेजपुढे गाडी जात नाही

कट्टेकरी (धागाकर्ता)

हडसन सॉफ्टचा १९८५ चा, फॅमिकॉमवरचा (निन्टेन्डोचं जुनं जपानी गेम मशीन) बॉम्बरमॅन. बॉम्ब ठेवून विटा आणि शत्रू उडवायचे, मग विटेखाली लपलेल्या दारातून पुढच्या स्टेजला जायचं, तो. चार जणांनी मिळून खेळायचे नंतरचे भाग नव्हेत, एकट्याने खेळायचा, पन्नास स्टेजेसचा. लॅपटॉपवर एम्युलेटर (जुन्या मशीनची नक्कल करणारा प्रोग्राम), साधा यूएसबी पॅड, एचडीएमआयने टीव्हीला जोडलाय. प्रश्न असे:

१. शत्रूंपेक्षा स्वतःच्याच बॉम्बने जास्त मरण येतं. पाचवीपर्यंत ठीक, सहावी-सातवीत हमखास.

२. स्टेज जवळपास साफ झालेली असते आणि अचानक दारातून शत्रूंचा घोळका बाहेर पडतो. कधी नाण्यासारखे गोल प्राणी येतात आणि क्षणात खेळ खल्लास. हे नेमकं कशामुळे?

३. पूर्वी टीव्ही गेमवर ‘९९९९९ इन १’च्या कॅसेटवर हाच गेम एवढा वेगवान वाटायचा नाही. भास आहे की खरंच फरक आहे?

४. आधी दार शोधावं की आधी शत्रू मारावेत?

चीट कोड आणि सेव्ह स्टेट (खेळ मध्येच साठवून पुन्हा तिथूनच सुरू करणं) नकोत. सरळ मार्गाने जायचंय.

पिक्सेलपंत

तिसऱ्याचं आधी सांगतो, कारण तो भास नाही. मूळ जपानी मशीन सेकंदाला साधारण ६० फ्रेम, म्हणजे ६० चित्रं, दाखवत चालायचं. आपल्याकडे नव्वदच्या दशकात जे टीव्ही गेम विकले गेले ते फॅमिकॉमच्या नकला होत्या आणि आपल्याकडच्या पाल पद्धतीच्या टीव्हीसाठी ५० फ्रेमवर चालणाऱ्या. या गेममधली सगळी घड्याळं फ्रेमच मोजतात. बॉम्बची वात सुमारे १६० फ्रेमची आहे. ६० वर ती पावणेतीन सेकंदांच्या आतच संपते, ५० वर जवळजवळ सव्वातीन सेकंद पुरते. शत्रूही त्याच प्रमाणात हळू, वरचा २०० चा काउंटरही हळू. गेमच्या हिशेबाने काहीच बदललेलं नाही, पण तुमचा अंगठा फ्रेम मोजत नाही. त्याला मिळणारा वेळ एक षष्ठांशाने कमी झालाय.

एम्युलेटरमध्ये रीजनचं सेटिंग बघा. मेसेन आणि एफसीईयूएक्स या दोन्ही एम्युलेटरांत एनटीएससी (जपानची ६० फ्रेमची पद्धत), पाल आणि डेंडी असे पर्याय आहेत. डेंडी निवडा. डेंडी ही रशियात खपलेली फॅमिकॉमची नक्कल, आपल्याकडच्या डब्यांसारखीच ५० वर चालणारी. नुसतं ‘पाल’ म्हणजे युरोपातलं अधिकृत निन्टेन्डो, त्याचं अंतर्गत गणित वेगळं आहे. संगीताची चाल ओळखीची संथ वाटली की समजा जमलं.

शिवाय टीव्हीला गेम मोड असेल तर चालू करा. एलसीडी टीव्ही चित्र ‘सुधारण्यात’ वेळ घालवतात, आणि इथे एक चौकोन उशिरा वळणं म्हणजे मरणंच.

चिमणराव२०००

यूएसबी पॅडवर टर्बो बटणं (धरून ठेवली की आपोआप पुन्हा पुन्हा दाबली जाणारी) आहेत का? जुन्या नकली पॅडवर ए-बीच्या वरती दोन जादा बटणं असायची, तीच. गोळ्या झाडायच्या गेममध्ये त्यांची चैन असते. बॉम्बरमॅनमध्ये टर्बो ए दाबून चालत राहिलात तर हातात जितके बॉम्ब आहेत तितके पाठोपाठ पडत जातात आणि मागचा रस्ता बंद. पहिल्या स्टेजमध्ये एकच बॉम्ब असतो म्हणून कळत नाही. सहावीपर्यंत तीन-चार होतात, मग कळतं.

खांबामागे

प्रश्न दोनचं उत्तर: तो घोळका तुम्हीच बोलावताय.

दार एका विटेखाली लपलेलं असतं. वीट फुटली की दिसतं. उघड्या दाराला पुन्हा ज्वाळा लागली की त्यातून नवे शत्रू निघतात. विटेखाली लपलेल्या बक्षिसाचंही (जादा बॉम्ब, लांब ज्वाळा वगैरे) तेच, त्यावर बॉम्ब लागला तर बक्षीस जळतं आणि वर शत्रू पदरात. आता बॉम्ब तीन-चार झालेत, ज्वाळा लांब झालीय आणि तुम्ही ते रांगेत ठेवता. पहिल्याने वीट फोडून दार उघडं केलं, लगेच मागून दुसऱ्याची ज्वाळा त्याच दारावर. तुम्हाला वाटतं आपण तर काहीच केलं नाही.

उपाय सोपा आहे. जी वीट अजून फुटायची आहे तिच्यावर दोन बॉम्बच्या ज्वाळा येणार नाहीत असं बघा. विटा फोडताना एका ओळीत एकच बॉम्ब. दुसरा ठेवायचाच तर पलीकडच्या ओळीत, मध्ये खांबांची रांग ठेवून.

नाण्यासारखे म्हणताय ते पॉन्टान. काउंटर शून्यावर आला की ते सोडले जातात. गेममधले सर्वात चपळ, विटांतून आरपार जातात आणि थेट तुमच्याकडे येतात. एकाला मारलं तर ८००० गुण आहेत खरे, पण त्या मोहात पडू नका. ते आले की जवळपास लाइफ गेलीच समजा. वेळच संपू द्यायची नाही.

मधली ओळ

पहिला प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, त्यामुळे जरा सविस्तर.

मैदान भिंती धरून ३१ बाय १३ चौकोनांचं आहे. आत दर दुसऱ्या चौकोनावर न फुटणारा खांब, असे ७० खांब. त्यामुळे उभं राहायच्या जागा दोनच प्रकारच्या: चौक, जिथून चारही बाजूंना जाता येतं, आणि बोळ, म्हणजे दोन खांबांमधली जागा (कडेला असेल तर खांब आणि भिंत यांच्यामधली), जिथून फक्त पुढे किंवा मागे जाता येतं.

बोळात बॉम्ब ठेवलात तर एक पाऊल चौकात, दुसरं पाऊल वळून. दोन पावलांत तुम्ही खांबाआड. ज्वाळा कितीही लांब असो, वळत नाही.

चौकात ठेवलात तर पहिलं पाऊल बोळात (तिथे वळता येत नाही), दुसरं पुढच्या चौकात, तिसरं वळून. तीन पावलं, आणि तीही वाटेत वीट किंवा शत्रू नसेल तर.

सुरुवातीला ज्वाळा एकाच चौकोनाची असते, तेव्हा सरळ दोन पावलं मागे गेलं तरी भागतं. ती सवय लागते. पहिल्या स्टेजमध्येच ज्वाळेचं बक्षीस असतं, पुढे ती वाढत वाढत पाच चौकोनांपर्यंत जाते. सवय मात्र सरळ मागे पळायचीच राहते. सहावीत स्वतःच्या बॉम्बने मरण्याचं कारण बहुतेक हेच. पहिल्या स्टेजपासूनच, गरज नसली तरी, वळून उभं राहायची सवय करा.

पहिल्या क्षणाचं उदाहरण घ्या. तुम्ही डावीकडच्या वरच्या कोपऱ्यात असता. तो कोपरा, त्याच्या उजवीकडचा एक चौकोन आणि खालचा एक, एवढं कायम मोकळं असतं. त्यापुढे दोन्हीकडे विटा निघाल्या आणि बॉम्ब कोपऱ्यातच ठेवलात, तर दोन्ही मोकळे चौकोन ज्वाळेत येतात आणि सुटका नाही. बॉम्ब उजवीकडच्या चौकोनात ठेवा, परत कोपऱ्यात या, एक खाली उतरा. सुरक्षित.

आणखी एक. बॉम्बवरून उतरलात की तो भिंत झाला, पुन्हा त्यावरून जाता येत नाही. म्हणून बॉम्ब ठेवायच्या आधी परतीची वाट बघायची, नंतर नाही. एका टोकाला बंद असलेल्या वाटेत बंद टोकाकडे तोंड करून ठेवा आणि उघड्या टोकाने बाहेर पडा. उलटं केलंत की स्वतःलाच चिणून घेतलंत. शत्रूलाही बॉम्ब ओलांडता येत नाही, तेव्हा हीच गोष्ट त्याच्यावर उलटवता येते. तो बोळात शिरला की मागे एक, पुढे एक, आणि आपण बाजूला.

कट्टेकरी

टर्बो खरंच ‘ए’ला जोडलेला निघाला! काढला. डेंडीवरही टाकलं, मोठा फरक आहे. दार आधी की शत्रू आधी, हे राहिलं. आणि तिसऱ्या स्टेजमध्ये मिळणारा डिटोनेटर (हवा तेव्हा बॉम्ब फोडू देणारं बक्षीस) एकदा मेलं की जातो, तो परत कुठे मिळतो?

खांबामागे

आठव्या स्टेजमध्ये. तुमची खरी अडचण इथेच आहे.

बॉम्बची संख्या आणि ज्वाळेची लांबी मेल्यावरही टिकते. डिटोनेटर, विटांतून जाण्याची शक्ती, बॉम्बवरून जाण्याची शक्ती आणि आगीपासून बचाव, हे सगळं एका मरणात जातं. तिसरीत डिटोनेटर घेतला, चौथीत मेलात, की थेट आठवीपर्यंत हातात नुसती वात. म्हणजे लांब ज्वाळेचे तीन-चार बॉम्ब, पण कधी फुटणार ते तुमच्या हातात नाही. गेममधला सर्वात धोकादायक खेळाडू तो. पहिल्या स्टेजमधला एक बॉम्ब आणि एका चौकोनाची ज्वाळा त्यापेक्षा बरी, निदान स्वतःचं नुकसान कमी.

त्या चार स्टेजेसमध्ये मुद्दाम एका वेळी एकच बॉम्ब टाका. चार आहेत म्हणून चार वापरायलाच हवेत असं नाही. आठवीत पोचलात की बक्षीस सापडेपर्यंत दारात शिरू नका. नववीत बॉम्बवरून जायची शक्ती, दहावीत विटांतून जायची. दहावी जिवंत पार केलीत तर पुढचा खेळच बदलतो.

डिटोनेटर असताना ए ने ठेवायचा, बी ने फोडायचा. एका दाबात एकच फुटतो, आधी ठेवलेला आधी. पण त्याची ज्वाळा दुसऱ्याला लागली तर तोही जातो, हे विसरू नका.

दार की शत्रू? शत्रू. सगळे मेल्याशिवाय दारातून जाता येत नाही, मग आधी सापडून उपयोग काय? उलट उघडं दार म्हणजे सांभाळायची एक जास्तीची जागा. काउंटर शंभरवर यायच्या आत जवळचे शत्रू संपवा, उरलेल्या वेळात विटा. एखादा मंद वॅलकॉम (तो फुगा) मुद्दाम शेवटी ठेवायची पद्धत काही जण सांगतात. फायदा काही दिसत नाही, तो नेमका मैदानाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसतो.

तिरकमठा

थोडं विरुद्ध मत मांडतो. गेम अवघड आहे ते ठीक, पण काही ठिकाणी अन्यायकारक आहे. स्क्रीनवर एका वेळी मैदान साधारण अर्धंच दिसतं. दार आणि बक्षीस कुठल्या विटेखाली हे दरवेळी बदलतं. सगळं नीट करूनही दार शेवटच्या विटेखाली निघालं तर वेळ संपते. यात कौशल्य कुठे आलं? पॅकमॅनचा चक्रव्यूह ठरलेला, भुतांचं वागणं ठरलेलं, मार्ग पाठ करून लोक तासन् तास खेळले. इथे पाठ करायला काही नाही.

मधली ओळ

पाठ करता येत नाही हीच तर मजा. पॅकमॅनच्या भिंती जशा आहेत तशाच राहतात, इथे चक्रव्यूह तुम्ही स्वतः पाडत जाता. फोडलेली प्रत्येक वीट तुम्हाला वाट देते आणि शत्रूलाही. कोपऱ्यात विटांच्या आड निवांत असता, बाहेरचे तीन ओनील काही करू शकत नाहीत, आणि त्यांना आत यायचं दार तुम्हालाच उघडायचं असतं. किती उघडायचं, कुठल्या बाजूने, हा निर्णय दर स्टेजला नव्याने घ्यावा लागतो.

वेळेची तक्रार मात्र काही अंशी मान्य. उपाय म्हणून विटा एकेक करून न फोडता चौकात बॉम्ब ठेवा, एकाच बॉम्बने चार दिशांना चार विटा जाऊ शकतात. शत्रू संपल्यावर चौक वापरा, शत्रू असताना बोळ. आणि मैदान डावीकडून उजवीकडे पट्ट्यापट्ट्याने साफ करत जा, इकडेतिकडे धावण्यात निम्मा वेळ जातो.

शत्रूंबद्दल थोडक्यात: वॅलकॉम आणि डाल भटकतात. ओनील जवळ आलात की वळून मागे लागतो. चौथीपासून येणारा मिन्व्हो वेगाने अंगावर येतो, त्याच्यापुढे पळू नका, वाटेत बॉम्ब टाकून खांबाआड व्हा. ओव्हापे आणि डोरिया विटांतून येतात, पण संथ असतात. त्यांच्यासाठी ‘विटांच्या आड सुरक्षित’ हा हिशेब चालत नाही, मोकळ्या जागेत गाठा. पास हा खरा वैरी, वेगवान आणि पाठलाग न सोडणारा. तो येईपर्यंत डिटोनेटर हातात हवाच.

चिमणराव२०००

दर पाच स्टेजेसनंतर येणाऱ्या बोनस फेरीत मरण नसतं, विटाही नसतात. तिथे गुणांच्या मागे न लागता नवीन ज्वाळेची लांबी किती झालीय ते डोळ्यांत बसवून घ्या. फुकटचा सराव.

कट्टेकरी

आठवी पार! डिटोनेटर घेऊन नववीत गेलो आणि तिथे गेम ओव्हर. स्क्रीनवर आलेला पासवर्ड कागदावर उतरवला, पण परत टाकला तर घेत नाही. टीव्हीवर अक्षरं जरा फुटतात. कुठे चुकत असेल?

पिक्सेलपंत

पासवर्ड वीस अक्षरांचा असतो, आधी अक्षरं मोजा. त्यात इंग्रजीतली ए ते पी ही सोळाच अक्षरं येतात, आकडे अजिबात नाहीत. म्हणजे शून्य वाटलं तर तो ओ किंवा डी, एक वाटला तर आय किंवा एल, आणि क्यू दिसला तर तो ओच, कारण पीच्या पुढचं काही येऊच शकत नाही. सी आणि जी यांचीही गल्लत होते. एम्युलेटरमध्ये चित्र गुळगुळीत करणारा फिल्टर चालू असेल तर बंद करा, अक्षरं चौकोनी पण स्वच्छ दिसतील. आणि उतरवण्याऐवजी मोबाइलने फोटो काढा.

टाकताना सुरुवातीच्या स्क्रीनवर ‘स्टार्ट’ नाही, ‘कन्टिन्यू’. आणि हो, हा पासवर्ड मेल्यानंतरचा आहे, त्यामुळे नववीत डिटोनेटरशिवायच उभे राहाल. एकेकच बॉम्ब टाका.