आधी मोजमाप, मग बूस्ट

स्कोडा ऑक्टेव्हिया आरएस गाडीचे १.८ लिटर इंजिन उघडलेच आहे, तर मोठा टर्बो (इंजिनात दाबाने हवा भरणारा पंखा) बसवून बूस्ट (त्या हवेचा दाब) वाढवावा आणि रॉड-पिस्टन जुनेच ठेवावेत, या मताशी मी सहमत नाही. या इंजिनाचा बिडाचा ब्लॉक भक्कम आहे. कमकुवत आहेत ते कनेक्टिंग रॉड (पिस्टनला क्रँकशाफ्टशी जोडणारे दांडे), आणि कमी आरपीएमवर एकाएकी वाढणारा टॉर्क ते वाकवू शकतो. ताकद वाढवायचीच असेल, तर पहिला खर्च फोर्ज्ड (घडीव) रॉडवर करावा.

फोर्ज्ड पिस्टन घेताना मिश्रधातू अवश्य विचारावा. २६१८ आणि ४०३२ हे पिस्टनचे दोन ॲल्युमिनियम मिश्रधातू; २६१८ मध्ये सिलिकॉन अत्यल्प असल्याने तो तापल्यावर ४०३२ पेक्षा अधिक प्रसरण पावतो आणि सिलिंडरमध्ये जास्त मोकळीक मागतो. म्हणूनच सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत बोअरिंगला (सिलिंडर कापून मोठा करायला) ब्लॉक देताना नवे पिस्टन सोबत द्यावेत आणि प्रत्येक पिस्टन मोजूनच होनिंग (सिलिंडर घासून अचूक मापाला आणणे) करून घ्यावे. पिस्टनवरील रिंगच्या टोकांमधील अंतरही बूस्टनुसार वाढवावे लागते, कारण उष्णतेने टोके एकमेकांना भिडली की पिस्टनची रिंगलँड (रिंगच्या खाचेची कड) तुटते.

आपल्या सोलापुरात उन्हाळ्यात पारा ४० अंशांपुढे जातो. तापलेली हवा आत गेली की नॉकिंग (इंधनाचा अवेळी स्फोट) सुरू होते, ईसीयू (इंजिनाचा संगणक) इग्निशन मागे घेतो, म्हणजे ठिणगी उशिरा पाडतो, आणि मिळवलेली ताकद तिथेच जाते. त्यामुळे मोठ्या टर्बोआधी चांगला इंटरकूलर (टर्बोतून आलेली हवा थंड करणारा) हवा, आणि ट्यूनिंगही भर उन्हात तपासले पाहिजे.

जुन्या टर्बोचे बेअरिंग गेले असेल, तर ऑइल कूलरही बदलावा. त्यात अडकलेला धातूचा कीस धुऊन पूर्णपणे निघेल याची खात्री नसते, आणि तोच पुढे नव्या बेअरिंगांत जातो.