‘चांगला वकील सुचवा’ : कोथरूडच्या एका सोसायटीच्या ग्रुपवरचा रविवार

मोहिते वहिनी (सी-६०२), सकाळी ८.१२ : नमस्कार सगळ्यांना. क्रिमिनल केसेस बघणारा एखादा विश्वासू वकील कोणाच्या माहितीत आहे का? माझ्या मावसबहिणीच्या मुलासाठी विचारतेय. ड्रंक अँड ड्राईव्हची केस झाली आहे. जरा अर्जंट आहे 🙏

पेठे काकू (ए-५०२) : अगं बाई! सगळे सुखरूप आहेत ना?

मोहिते वहिनी : हो काकू, कोणाला काही लागलं नाही. पौड रोडला नाकाबंदी होती. गाडी पोलिसांनी ठेवून घेतलीय.

रोहित (सी-३०३) : पांढरी बलेनो का? रात्रीपासून आपल्या खालची जागा रिकामी दिसतेय म्हणून विचारलं.

पेठे काकू : रोहित, ग्रुपवर काय विचारावं याला काही धरबंद?

खरे काका (ए-१०१) : मागच्या एजीएममध्ये (वार्षिक सभेत) मी गच्चीवरच्या पार्ट्या बंद करण्याचा ठराव मांडला होता. एकानेही हात वर केला नाही. मिनिट्स पाहावीत.

जगताप, सेक्रेटरी (बी-४०४) : काका, हे बाहेरचं प्रकरण आहे. गच्चीचा काय संबंध?

खरे काका : सवय कुठे लागते? मिनिट्स पाहावीत.

गोखले (बी-७०१) : वहिनी, यात वकील कशाला? दहा हजार दंड. भरायचा आणि मोकळं व्हायचं. माझ्या साडूच्या मुलाचं झालं होतं तेव्हा तर दोनच हजार होता. खरं म्हणजे तिथल्या तिथेच मिटवायला हवं होतं.

इनामदार मॅडम, वकील (ए-३०१) : गोखले, ‘तिथल्या तिथे’ असलं ग्रुपवर लिहू नका. लाच देणं हाही गुन्हा आहे. २०१८ च्या दुरुस्तीनंतर देणाऱ्यालाही ७ वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. आणि तडजोड शुल्क भरून संपणारे जे गुन्हे आहेत त्यांत हा बसतच नाही. सिग्नल तोडल्याचं चलन मोबाईलवरून भरता तसं हे भरता येत नाही. कोर्टात उभं राहावंच लागतं.

वहिनी, मी दिवाणी कामं बघते. पण कलम काय आहे ते सांगते, म्हणजे मनातली भीती आणि वास्तव वेगळं करता येईल. मोटार वाहन कायदा १९८८, कलम १८५. १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल आलं की गुन्हा. पहिल्या वेळी ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० दंड, किंवा दोन्ही. दुसऱ्या वेळी २ वर्षांपर्यंत कैद किंवा १५,००० दंड, किंवा दोन्ही. दंड भरला म्हणजे विषय मिटला असं नाही. तिथे गुन्हा कबूल केल्याची नोंद होते आणि पुढच्या वेळी मोजणी ‘दुसऱ्या’पासून सुरू होते.

शिंदे (बी-२०२) : मावसबहिणीचा मुलगा वगैरे राहू दे. सगळ्यांना कळलंय कोण ते. दिवाळीच्या आधी पार्किंगमध्ये माझ्या ॲक्टिव्हाला ठोकर बसली होती तेव्हाही ‘कोणी मारली माहीत नाही’ असंच झालं होतं.

पेठे काकू : नावं घेऊ नका हो. मूल कोणाचंही असो.

शिंदे : नाव कुठे घेतलं काकू? ॲक्टिव्हाचं बोलतोय.

मोहिते साहेब (सी-६०२) : सौ.ने हे ग्रुपवर टाकायला नको होतं. पण टाकलंच आहे तर लपवत नाही. आमचाच अनिकेत. बाणेरला मित्राकडे गेला होता, येताना पौड रोडला थांबवलं. फुंकायच्या मशीनवर ६४ आलं. दोन बिअर घेतल्या असं सांगतोय. शिंदे, तुमच्या स्कूटरचा आणि याचा संबंध जोडू नका.

शिंदे : संबंध नसेल तर चांगलंच आहे साहेब.

रोहित : दोन बिअरला ६४? बिअर होती की टँकर?

गोखले : टँकरवरून आठवलं, आजचा पाण्याचा टँकर आला का? ७०१ ला नळाला नुसती हवा येतेय.

जगताप, सेक्रेटरी : १०.३० चा आहे. कृपया विषयावर राहा.

रोहित : अनिकेतने कॉफी किंवा लिंबू घ्यायला हवं होतं निघण्यापूर्वी. आमच्या ऑफिसात सगळे तेच करतात.

डॉ. सबनीस (बी-५०३) : रोहित, हे ऑफिसातल्या सगळ्यांना सांग. कॉफी, लिंबू, गार पाण्याची अंघोळ, बडीशेप, पान, यातल्या कशानेही रक्तातलं अल्कोहोल कमी होत नाही. ते यकृत काढतं आणि स्वतःच्याच गतीने काढतं, १०० मिली रक्तामागे ताशी साधारण १५ मिलिग्रॅम. माणसागणिक थोडं कमीजास्त. म्हणजे ६४ वरून ३० च्या खाली यायला दोन तासांच्या वर गेले असते, तेही पुढे एक घोटही न घेता. रात्री उशिरापर्यंत बसलेला माणूस सकाळी आठला ऑफिसला गाडी काढतो तेव्हाही तो ३० च्या वर असू शकतो. आणि ‘मला चढलेली नाही’ असं ज्याला वाटतं त्याचाही ब्रेकवर पाय उशिराच पडतो.

खरे काका : म्हणूनच गच्चीचा ठराव. मिनिट्स पाहावीत.

शिंदे : मला एक सांगा. १९ मे २०२४ ला कल्याणीनगरला, पिऊन चालवल्याचा आरोप असलेल्या अल्पवयीन मुलाच्या पोर्शेच्या धडकेत दोन तरुण इंजिनिअर गेले, तेव्हा याच ग्रुपवर केवढा संताप झाला. त्याला जामीन देताना ३०० शब्दांचा निबंध लिहायला सांगितला म्हणून आपण सगळे पेटलो होतो. मोहिते साहेबांचाही मोठा मेसेज होता, मला आठवतोय. आता आपल्या विंगमधला निघाला तर पहिला प्रश्न काय, तर वकील कोण! माझा चुलत भाऊ असल्याच एका पिलेल्याच्या गाडीखाली आला. जीव वाचला, पण पायात रॉड आहे. जिना चढताना अजून कठडा धरून एकेक पायरी चढतो. त्या माणसालाही चांगला वकील होताच.

मोहिते वहिनी : शिंदे भाऊजी, तुमच्या भावाचं ऐकून खरंच वाईट वाटलं. मी पोराची बाजू घेत नाहीये. रात्री दोनला फोन आला, तेव्हापासून मला काही सुचत नाहीये.

इनामदार मॅडम : शिंदे, तुमचा राग मला समजतो. पण दोन गोष्टी एकात घालू नका. कल्याणीनगरला लोक चिडले ते आरोपीला वकील मिळाला म्हणून नाही. रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांना अटक झाली, पैशाने पुरावाच फिरवला जातोय असं दिसलं, त्याने चिडले. आवडीचा वकील करण्याचा हक्क राज्यघटनेच्या कलम २२ ने प्रत्येक अटक झालेल्याला दिलाय. कागद तपासणं, मुदती बघणं, कोर्टाला खरं ते सांगणं, हा बचाव झाला. नमुना बदलणं, साक्षीदार फिरवणं हा बचाव नव्हे, तो वेगळा गुन्हा आहे. माझ्या ओळखीने जो कोणी वकील येईल त्याला मी हे आधीच सांगेन, आणि मोहित्यांनाही सांगते.

मोहिते साहेब : मान्य आहे मॅडम. आम्हाला काहीही फिरवायचं नाही. फक्त पोराचं आयुष्य या एका रात्रीवर अडकू नये एवढंच. नोव्हेंबरमध्ये कंपनी त्याला अमेरिकेला पाठवणार आहे.

गोखले : अमेरिकेत बहुतेक राज्यांत मर्यादा ०.०८ टक्के आहे, म्हणजे ८० मिलिग्रॅम, आपल्याकडे ०.०३. माझी मुलगी तिकडेच असते. म्हणजे ६४ ला तिकडे सुटला असता!

इनामदार मॅडम : गोखले, केस पुण्यात आहे. आणि तिकडचा कायदा सैल आहे या भ्रमात राहू नका. ०.०८ च्या आत असूनही गाडी वेडीवाकडी चालवली तर तिकडेही पकडतात, आणि असल्या अटकेवरून व्हिसा रद्द झाल्याची उदाहरणं आहेत. मोहिते साहेब, व्हिसाच्या फॉर्ममध्ये अटक किंवा गुन्ह्याबद्दल विचारलं तर खोटं ‘नाही’ लिहू देऊ नका. ते इथल्या दंडापेक्षा महागात पडेल. पासपोर्टचं नूतनीकरण करायचं असेल तर तेही वकिलाला आधी विचारा. फौजदारी खटला प्रलंबित असताना पासपोर्ट कायद्याच्या कलम ६ खाली अडवणूक होऊ शकते.

पेठे काकू : मग आता नेमकं करायचं काय पोराने? ते सांगा ना कोणीतरी. आई बिचारी हवालदिल झालीय.

इनामदार मॅडम : सांगते. आधी मशीनमधून निघालेली चिठ्ठी शोधा. तो कागद थर्मल असतो, एटीएमच्या पावतीसारखा, काही काळाने अक्षरं उडतात. आजच त्याच्या दोन झेरॉक्स काढा आणि मोबाईलवर फोटो ठेवा. त्यावर नाव, वेळ, आकडा बरोबर आहे का बघा. अनिकेतला शांतपणे बसवून विचारा : फुंकायला लावताना नळी नवीन लावली होती का, तपासणारे पोलीस गणवेशात होते का (मोटार वाहन कायद्याच्या कलम २०३ मध्ये ते लिहिलेलं आहे), गाडी तोच चालवत होता ना, किती वाजता थांबवलं. अटक दाखवली असेल तर दोन तासांच्या आत वैद्यकीय तपासणी व्हायला हवी, नाहीतर सोडावं लागतं, कलम २०२. मशीनचं कॅलिब्रेशन, म्हणजे आकडा अचूक येतो का याची तपासणी, कधी झालं होतं ते वकील मागेल. यातली एखादी त्रुटी खरोखर असेल तर ती कोर्टापुढे ठेवायची. नसेल तर ओढूनताणून उभी करायची नाही.

लायसन्स घेतलंय ना त्यांनी?

मोहिते साहेब : हो. लायसन्सही घेतलं.

इनामदार मॅडम : मग ते आरटीओकडे जाईल. पहिल्या गुन्ह्याला ३ महिन्यांचं निलंबन धरून चला. आधी म्हणणं मांडायची संधी मिळते, ती तारीख चुकवू नका. त्या काळात गाडी चालवली तर तो पुन्हा वेगळा गुन्हा. दूध आणायलासुद्धा नाही.

रोहित : मॅडम, शेजारी बसलेल्याला काही होतं का? एका मित्रासाठी विचारतोय.

शिंदे : आज सगळ्यांचे मित्रच निघतायत.

इनामदार मॅडम : पिलेल्याला ‘चल रे, काही होत नाही’ म्हणून चावी हातात देणाऱ्यावर कलम १८८ खाली चिथावणीचा गुन्हा लागू शकतो, शिक्षा १८५ इतकीच. नुसतं शेजारी बसल्याने आपोआप लागत नाही. रोहित, तुझा मित्र काल कुठे होता?

रोहित : मी कॅबने आलो मॅडम. अनिकेतलाही म्हटलं होतं. तो म्हणाला उद्या सकाळी गाडी लागणार आहे.

मोहिते वहिनी : रोहित, तू होतास तिथे? मग मला रात्री सांगितलं का नाहीस?

पेठे काकू : झालं! आता इथे पोराला फैलावर घेऊ नका.

खरे काका : या सर्वाची सुरुवात ३१ डिसेंबरला आपल्या गच्चीवर झाली. ठराव मांडला होता. मिनिट्स पाहावीत.

जगताप, सेक्रेटरी : काका, पाहिली मिनिट्स. तुमचा ठराव ‘सभेने चर्चा केली’ एवढाच नोंदला आहे.

खरे काका : चर्चा झालीच नव्हती. सगळे समोसे खायला उठले होते.

शिंदे : इनामदार मॅडम, एक विचारतो. मेलं असतं कोणी तर?

इनामदार मॅडम : तर १८५ हे सगळ्यात छोटं कलम ठरलं असतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. निष्काळजीपणाने मृत्यू झाला तर कलम १०६, ५ वर्षांपर्यंत. पूर्वीच्या भारतीय दंड संहितेच्या ३०४-अ मध्ये २ वर्षं होती. आणि पिऊन चालवल्याने जीव जाऊ शकतो याची जाणीव होती असं कोर्टाला वाटलं तर कलम १०५, सदोष मनुष्यवध. तिथे १० वर्षांपर्यंतची बात असते. मुंबईत कार्टर रोडला २००६ मध्ये फूटपाथवर झोपलेले ७ मजूर असेच गेले. सुप्रीम कोर्टाने २०१२ मध्ये सदोष मनुष्यवधाचीच शिक्षा कायम ठेवली. त्या रात्री आणि कालच्या रात्रीत फरक एवढाच की काल पौड रोडला नाकाबंदी होती. मोहिते साहेब, ज्या हवालदाराने अनिकेतला थांबवलं त्याच्यावर रागावू नका.

मोहिते साहेब : नाही रागावलो. पहाटे चौकीवर मी त्यांना नमस्कारच केला.

शिंदे : साहेब, हे वाचून बरं वाटलं. ॲक्टिव्हाचं नंतर बोलू.

गोखले : गाडीला काही झालं असतं तर इन्शुरन्सने दिलंच असतं.

डॉ. सबनीस : नाही देत हो. पिऊन चालवली तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम नाकारतात. पॉलिसीत अपवाद म्हणून लिहिलेलंच असतं.

मोहिते वहिनी : इनामदार मॅडम, वकिलांची फी किती असेल? ह्यांच्यासमोर विचारायचा धीर होत नव्हता.

इनामदार मॅडम : आकडा मी सांगणार नाही, माणसागणिक बदलतो. वकीलपत्रावर सही करण्याआधी विचारा : कोर्टाच्या सगळ्या तारखा धरून किती, आरटीओचं काम त्यात येतं का. ‘साहेबांशी बोलून काढून टाकतो’ म्हणणारा भेटला तर तिथूनच परत या. शिवाजीनगर कोर्टात माझे एक सहकारी आहेत, फौजदारीच बघतात. नंबर खासगीत पाठवते. आणि हे सगळ्यांसाठी : ज्याला परवडत नाही त्याने १५१०० ला फोन करावा, विधी सेवा प्राधिकरणाची हेल्पलाईन आहे. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि कोठडीत असलेल्या कोणालाही उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. आपल्या वॉचमनच्या भाच्याला मागच्या वर्षी कोणी हे सांगितलं नव्हतं. तो तीन तारखा वकिलाशिवाय उभा राहिला.

पेठे काकू : हो गं. आणि तेव्हा ग्रुपवर एक मेसेज नव्हता कोणाचा.

जगताप, सेक्रेटरी : काकू, तेव्हा आम्हाला माहीत नव्हतं.

पेठे काकू : तो रोज गेटवर उभा असतो जगताप.

मोहिते साहेब : मी आज त्याच्याशी बोलतो. गाडी सोडवून आणायला कोणी लायसन्सवालं सोबत येईल का? माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय, मी चालवू शकत नाही. आरसी, विमा, पीयूसी काढून ठेवलंय.

रोहित : मी येतो काका.

मोहिते वहिनी : तू नको. काल तूही घेतली होतीस ना?

शिंदे : मी येतो. कधी निघायचं ते सांगा. विम्याची तारीख बघून घ्या, तुमची पॉलिसी मे महिन्यात संपते ना?

मोहिते साहेब : बघतो. धन्यवाद शिंदे.

गोखले : टँकर आला नाही अजून. १०.५० झाले.

खरे काका : गच्चीवर दारूबंदी, आणि पार्टी असेल तर बाहेरच्या गाड्यांच्या चाव्या गेटवर जमा. ठराव पुन्हा देत आहे.

जगताप, सेक्रेटरी : काका, लेखी अर्ज द्या, पुढच्या मीटिंगच्या विषयपत्रिकेवर पहिला घेतो. अनुमोदक लागेल.

मोहिते वहिनी : अनुमोदक म्हणून माझं नाव लिहा.